आधी होल्डर, मग बल्ब: बरीच वर्षं पुरेल अशी कॅमेरा सिस्टीम कशी निवडायची

घरातला बल्बचा होल्डर आठवून पाहा. दोन खाचांचा, बल्ब दाबून फिरवला की बसणारा. त्यात आधी पिवळा साठचा बल्ब होता, मग सीएफएल आला, आता एलईडी आहे. दोनदा तंत्रज्ञान बदललं, पण भिंत फोडावी लागली नाही, कारण होल्डर तोच राहिला. कॅमेऱ्याच्या तोंडाशी धातूचं एक कडं असतं. ठिपक्याला ठिपका जुळवून लेन्स फिरवली की ती ‘टक्’ आवाज करून त्यात बसते. हे कडं म्हणजे कॅमेऱ्याचा होल्डर. त्याला माउंट म्हणतात. पहिल्यांदा कॅमेरा घेणारा माणूस बल्बकडेच पाहतो: मेगापिक्सेल किती, मॉडेल कोणतं, कधी आलं. पुढच्या पंधरा वर्षांचा खर्च मात्र होल्डर ठरवतो.

दरवर्षी दिवाळीच्या आधी मला ओळखीच्यांचे फोन येतात. “नवीन मॉडेल येतंय म्हणे, थांबू का?” नवीन मॉडेल कायमच येत असतं. त्याच्यासाठी थांबणाऱ्याच्या हातात कॅमेरा कधीच येत नाही आणि घाईने घेणाऱ्याला तीन वर्षांत सगळं विकून पुन्हा सुरुवात करावी लागते. माझ्या अनुभवातून बसलेला क्रम पुढे देतो. पायऱ्या याच क्रमाने चढा, कारण मागची पायरी सोडली की पुढचा निर्णय चुकतो.

पहिली पायरी: महिनाभर वही

दुकानात जाण्याआधी महिनाभर फोननेच फोटो काढा आणि फोन कुठे कमी पडला तेवढंच लिहून ठेवा. “भिगवणला फ्लेमिंगो ठिपक्याएवढे आले.” “बारशाला घरात उजेड कमी होता, सगळे चेहरे हलले.” “कासला पाकळीवरचा थेंब काही केल्या धरता आला नाही.” महिन्याअखेरीस वही कोरीच राहिली, तर तुम्हाला वेगळा कॅमेरा लागतच नाही, हे मी मनापासून सांगतो. ते पैसे प्रवासाला वापरा.

वहीत नोंदी असतील तर त्यांतून लेन्स ठरते. उजनीच्या पाण्यावरच्या पक्ष्यांना चारशे मिलिमीटर आणि त्यापुढची लेन्स लागते (हा आकडा जेवढा मोठा, लांबचं तेवढं जवळ दिसतं). ताडोब्याला वाघ कधी लांब गवतात दिसतो, तर कधी जिप्सीच्या अगदी पुढ्यातून रस्ता ओलांडतो, म्हणून तिथे १००-४०० सारखी झूम सोयीची पडते. घरगुती कार्यक्रमाला एफ १.८ किंवा त्याहून मोठं, म्हणजे जास्त उजेड आत घेणारं छिद्र असलेली ३५ किंवा ५० मिलिमीटरची लेन्स (एफपुढचा आकडा जेवढा लहान, छिद्र तेवढं मोठं), आणि फुलं-किड्यांना मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढणारी लेन्स. वहीत आत्ता एवढंच हवं. बॉडीचं, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचं, नाव अजून लिहू नका.

दुसरी पायरी: लवकर काय जुनं होतं ते ओळखा

निकॉनचा डी ६०० हा कॅमेरा २०१२ साली आला, तेव्हा तो २४ मेगापिक्सेलचा होता. त्याच कंपनीचा झेड ६ थ्री २०२४ साली आला, तो साडेचोवीस मेगापिक्सेलचा. बारा वर्षांत हा आकडा जागचा हललेला नाही, कारण बहुतेकांना तो पुरतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने तो २० बाय १३ इंचांचा स्वच्छ छापता येतो. तुमच्या घरातल्या फोर-के टीव्हीला तर जेमतेम सव्वाआठ मेगापिक्सेल लागतात. तेव्हा मेगापिक्सेलच्या शर्यतीतून आजच बाहेर पडा.

मग या बारा वर्षांत बदललं काय? फोकस. आजची बॉडी माणसाचा डोळा, पक्ष्याचं डोकं, धावती मोटरसायकल स्वतःहून ओळखते आणि ती हलली तरी सोडत नाही. व्हिडिओही खूप सुधारला. त्यामुळे वहीत उडते पक्षी आणि पळती मुलं असतील, तर नवीन बॉडीचे जास्तीचे पैसे वसूल होतात. वहीत किल्ले, मंदिरं, शांत बसलेली माणसं असतील, तर पाच-सहा वर्षं जुनी बॉडी तेच काम अर्ध्या पैशांत करते.

माझा ढोबळ हिशेब असा आहे: बॉडी सहा ते आठ वर्षं, लेन्स पंधरा ते वीस वर्षं, आणि फोटोच्या फाइली तुमच्या नातवंडांपर्यंत. पैसे आणि डोकं दोन्ही याच प्रमाणात खर्च करा. एकूण बजेटच्या निम्म्याहून जास्त रक्कम बॉडीत जात असेल, तर बॉडी एक पायरी खालची घ्या.

तिसरी पायरी: माउंटचं घराणं पाहा

इथे जरा वेळ द्या. सगळ्या लेखात मला महत्त्वाची वाटणारी जागा हीच आहे.

निकॉनने एफ माउंट आणला १९५९ साली. फिल्मच्या काळात जन्मलेला हा माउंट ऑटोफोकस आला तेव्हा टिकला, डिजिटल आलं तेव्हाही टिकला. आजोबांची लेन्स नातवाच्या डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसते, हे त्यामुळे घडू शकलं. पण बसते म्हणजे सगळं चालतं असं नाही. निकॉनच्या जुन्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर नसायची. बॉडीतली मोटर एका छोट्या स्क्रूने लेन्सच्या काचा फिरवायची. नंतरच्या स्वस्त डीएसएलआर बॉडींतून कंपनीने ती मोटर काढली, तेव्हा त्या लेन्स बसायच्या, पण फोकस हातानेच करावा लागायचा.

कॅननने नेमकी उलटी वाट धरली. १९७१ पासून त्यांचा एफडी माउंट होता. १९८७ साली त्यांनी तो सोडून दिला आणि ईएफ हा नवा माउंट आणला. एफडीच्या लेन्स घेऊन बसलेल्या छायाचित्रकारांचं त्या वर्षी खरोखर नुकसान झालं. पण ईएफमध्ये बॉडी आणि लेन्समधली सगळी देवाणघेवाण पहिल्या दिवसापासून विजेच्या स्पर्शबिंदूंमधून होती. मोटर लेन्समध्ये, छिद्र लहान-मोठं करणारी यंत्रणाही लेन्समध्ये. मध्ये कुठेही दांडी नाही की स्क्रू नाही. त्याचं फळ एकतीस वर्षांनी मिळालं.

२०१८ साली निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ हे मिररलेस, म्हणजे आतला आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांचे नवे माउंट आणले. दोघांनी जुन्या लेन्ससाठी अडॅप्टर, म्हणजे जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणारी नळी दिली. कॅननच्या अडॅप्टरवर १९८७ पासूनच्या ईएफ लेन्स ऑटोफोकससकट चालतात, कारण अडॅप्टरला फक्त विजेचे संदेश पुढे पोहोचवायचे असतात. निकॉनच्या अडॅप्टरवर मोटर असलेल्या लेन्स उत्तम चालतात, पण जुन्या स्क्रूवाल्या लेन्सचा ऑटोफोकस बंद पडतो, कारण कंपनीच्या अडॅप्टरमध्ये मोटर नाही. ज्या कंपनीने एकदा धक्का दिला तिचे ग्राहक पुढच्या बदलात सुखरूप पार झाले, आणि जिने जुनं सांभाळत आणलं तिचे काही ग्राहक तिथे अडले. म्हणून ‘हा माउंट किती जुना आहे’ एवढ्या एका प्रश्नावर थांबू नका. ‘याची यंत्रणा किती स्वच्छ आहे’ हेही विचारा. आजचे सगळे मुख्य मिररलेस माउंट पूर्ण विजेवर चालणारे आहेत, ही नवशिक्याच्या दृष्टीने चांगली बातमी आहे.

अडॅप्टरमागचं गणित एकदा समजून घ्या, मग दुकानदार काहीही म्हणाला तरी तुम्ही फसणार नाही. माउंटच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचं, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपपर्यंतचं अंतर प्रत्येक सिस्टीममध्ये ठरलेलं असतं. निकॉन एफचं ४६.५ मिलिमीटर, कॅनन ईएफचं ४४. मध्ये आरसा हलायला जागा लागायची, म्हणून एवढं. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे निकॉन झेडचं अंतर १६, सोनी ईचं १८, कॅनन आरएफचं २० मिलिमीटर आहे. लांब अंतरासाठी बनवलेली लेन्स आखूड अंतराच्या बॉडीवर लावता येते. उरलेली जागा अडॅप्टरची नळी भरून काढते. उलटं करता येत नाही, कारण लेन्सला बॉडीच्या आत घुसवता येत नाही. डीएसएलआरच्या लेन्स मिररलेसवर जातात, मिररलेसच्या लेन्स डीएसएलआरवर जात नाहीत, ते यामुळेच.

आता जे माउंट मेले त्यांच्याकडे पाहा. सॅमसंगने २०१० मध्ये एनएक्स माउंट आणला. २०१४ मध्ये त्यावरचा एनएक्स १ हा खरोखर पुढारलेला कॅमेरा निघाला आणि त्यानंतर लवकरच कंपनीने हा धंदाच सोडला. निकॉनचा ‘वन’ हा छोट्या सेन्सरचा माउंट २०११ ते २०१८ एवढाच जगला. कॅननचा ईएफ-एम २०१२ मध्ये आला आणि आरएफ आल्यावर मागे पडत बंद झाला. त्याचं अंतर १८ मिलिमीटर आणि आरएफचं २०, म्हणजे त्याच कंपनीच्या नव्या बॉडीवर त्या लेन्स लावायची सोय होऊच शकत नाही. निकॉन आणि कॅननच्या या दोन माउंटांत मला एक समान खूण दिसते: कंपनीचं मोठं सामान दुसऱ्याच माउंटवर होतं आणि हा माउंट बाजूचा होता. बाजूच्या माउंटवर आयुष्याची गुंतवणूक करू नका. कंपनीने स्वतःची सर्वांत महाग बॉडी ज्या माउंटवर ठेवली आहे, त्यावरच जा.

चौथी पायरी: आजच्या माउंटांतून निवड

सोनी ई २०१० पासून चालू आहे. पुढच्याच वर्षी सोनीने त्याची मूलभूत माहिती इतर लेन्स बनवणाऱ्यांना खुली केली. म्हणून आज सिग्मा, टॅमरॉन आणि इतरांच्या लेन्सची सगळ्यांत मोठी रांग याच माउंटवर आहे, आणि सेकंडहँड बाजारही मोठा आहे. पैसे मोजून घेणाऱ्या नवशिक्याला मी बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करायला सांगतो.

कॅनन आरएफ आणि निकॉन झेड दोन्ही २०१८ चे. निकॉनच्या माउंटवर टॅमरॉन आणि सिग्माच्या लेन्स मिळतात. कॅननने आरएफचं दार बराच काळ बंद ठेवलं होतं. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला लहान सेन्सरच्या लेन्स बनवायला परवानगी मिळाली. तोवर ज्यांनी आरएफ घेतला त्यांच्यासमोर कंपनीच्या स्वतःच्या लेन्स किंवा अडॅप्टरवर जुन्या ईएफ लेन्स, बहुतेक एवढेच पर्याय होते. घरात काका, मामा यांच्याकडे ईएफ लेन्सचा साठा असेल तर आरएफ आजही शहाणपणाचा; साठा नसला तरी ईएफच्या जुन्या लेन्स आपल्याकडे लग्नाचे फोटो काढणारे मोठ्या संख्येने विकत आहेत.

फुजीफिल्मचा एक्स माउंट २०१२ चा. तो एपीएस-सी, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या ‘फुल फ्रेम’हून लहान आकाराच्या सेन्सरपुरताच आहे, आणि मला त्यात खोट दिसत नाही. ज्यांना हलकं सामान हवं त्यांच्यासाठी ती पूर्ण वाढलेली सिस्टीम आहे. एल माउंटसाठी २०१८ मध्ये लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा एकत्र आले. मायक्रो फोर थर्ड्स हा २००८ मध्ये ओलिम्पस आणि पॅनासॉनिकने मिळून केलेला माउंट आहे. पुढे ओलिम्पसने कॅमेऱ्याचा व्यवसाय विकला, तरी नव्या मालकाने त्याच माउंटवर कॅमेरे काढणं चालू ठेवलं आणि पॅनासॉनिक तर सोबत होतीच. एकाहून जास्त कंपन्यांचा माउंट असला की असा आधार मिळतो. त्याचा सेन्सर लहान असल्याने ३०० मिलिमीटरची लेन्स ६०० सारखी दिसते. खांदे दुखणाऱ्या, पायी भटकणाऱ्या पक्षीनिरीक्षकांनी इकडे जरूर पाहावं. पेंटॅक्सचा के माउंट १९७५ पासून आहे आणि त्यावर अजून डीएसएलआर निघतात. त्याच्यावर प्रेम असेल तरच जा, कारण आपल्याकडे लेन्स आणि दुरुस्ती दोन्ही शोधत फिरावं लागेल.

यापैकी दोन माउंट वहीत लिहा आणि प्रत्येकासमोर चार प्रश्नांची उत्तरं भरा. माझी मुख्य लेन्स या माउंटवर किती किमतींत मिळते? दुसऱ्या कंपनीची लेन्स आहे का? सेकंडहँड सहज मिळते का? माझ्या घरापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखं सर्व्हिस सेंटर आहे का? मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला चौथा प्रश्न किरकोळ वाटेल. रत्नागिरी, लातूर, गडचिरोलीत राहणाऱ्याने तो पहिला धरावा.

एक सापळा सांगून पुढे जातो. “आत्ता एपीएस-सी घ्या, पुढे फुल फ्रेम घ्याल तेव्हा याच लेन्स चालतील.” बसतील, पण एपीएस-सीची लेन्स मोठ्या सेन्सरचा मधलाच भाग उजळते. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम बॉडीवर तुमच्या हाती साधारण दहाच मेगापिक्सेल येतात. ‘पुढे कधीतरी’साठी आज खरेदी करू नका. एपीएस-सी घेत असाल तर दहा वर्षं त्यावरच राहणार आहोत, असं मानून घ्या.

पाचवी पायरी: लेन्स दोनच, पण नीट पाहून

पहिल्या वर्षी दोन लेन्स पुरतात: वहीतल्या मुख्य कामाची एक, आणि ३५ किंवा ५० मिलिमीटरची एफ १.८ किंवा तिच्या जवळपासची एक. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स स्वस्तात मिळत असेल तर ठेवा, तिच्यासाठी वेगळे पैसे घालू नका.

लेन्सच्या मागच्या कड्याभोवती रबराची बारीक रिंग आहे का ते पाहा. लेन्स आणि बॉडीमधली फट ही धूळ आणि शिंतोडे आत जाण्याची मुख्य वाट असते. वारीत पावसाच्या सरी अंगावर घेत चालणाऱ्याला ही रिंग हवीच. सिग्मा-टॅमरॉनसारख्या बाहेरच्या कंपनीची लेन्स असेल, तर तिचं फर्मवेअर, म्हणजे लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करायची सोय काय आहे ते विचारा; नवीन बॉडी आली की जुन्या लेन्सला कधीकधी त्याची गरज पडते. टॅमरॉनच्या बऱ्याच नव्या लेन्सवर त्यासाठी यूएसबी-सीचं भोक दिलेलं असतं.

आणि एक गोष्ट माहीत असू द्या. जुन्या लेन्सचं फोकसचं कडं थेट काचेला जोडलेलं असायचं. आजच्या बहुतेक मिररलेस लेन्समध्ये कडं फिरवल्यावर फक्त संदेश जातो आणि मोटर काच हलवते. सर्किट गेलं तर हातानेही फोकस होत नाही. म्हणूनच लेन्सचं आयुष्य हे तिच्या सुट्या भागांचं आयुष्य झालं आहे, आणि म्हणून भरपूर खपलेली लेन्स दुर्मीळ लेन्सपेक्षा जास्त टिकते: तिचे भाग मिळत राहतात.

सहावी पायरी: बॅटरी आणि कार्ड

थोडक्यात. बॅटरीचा नमुना जुना आणि अजून चालू असलेला असावा. कॅननची एलपी-ई ६ ही बॅटरी २००८ ची आणि निकॉनची ईएन-ईएल १५ ही २०१० ची. दोन्हींच्या सुधारित आवृत्त्या त्याच आकारात मिररलेस बॉडींतही आल्या. कार्डांत एसडी १९९९ पासून टिकून आहे, तर सोनीची मेमरी स्टिक आणि ओलिम्पस-फुजीचं एक्सडी कार्ड संपली. एसडी घेणारी बॉडी घ्या. कार्डावर व्ही ३० किंवा व्ही ६० लिहिलेलं असतं; तो सेकंदाला किमान किती मेगाबाइट लिहिलं जाईल त्याचा आकडा आहे. रस्त्यावरची स्वस्त कार्डं आणि फुगणाऱ्या नकली बॅटऱ्या घेऊ नका, एवढंच.

सातवी पायरी: बाजारात

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजार भागात कॅमेऱ्याची दुकानं शेजारी-शेजारी आहेत. सामान हातात घेऊन पाहायला तिथे जरूर जा, आणि पहिल्या फेरीत पैसे घरी ठेवून जा. “बिलाशिवाय घेतलं तर एवढे कमी” असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. असा माल बाहेरून आणलेला असू शकतो, आणि त्यावर भारतातली वॉरंटी सहसा मिळत नाही. बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा सीरियल नंबर लिहून घ्या. विमा, चोरीची तक्रार, पुढची विक्री, सगळीकडे तोच कागद लागतो.

सेकंडहँड घेताना घाई दाखवू नका. बॉडीचं शटर, म्हणजे फोटो घेताना उघडणारा सेन्सरपुढचा पडदा, किती वेळा उघडलं ते विचारा. मधल्या दर्जाच्या बॉडींचं शटर साधारण एक ते दोन लाख वेळा उघडेल असं कंपन्या सांगतात. त्यापुढेही ते चालू शकतं, पण किंमत त्या मानाने पाडून मागा. छिद्र एफ १६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढा. सेन्सरवरची धूळ काळ्या डागांसारखी दिसते. लेन्स बॉडीवर लावून हलवून पाहा, ती डगडगता कामा नये. माउंटच्या स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर कुणीतरी ती उघडलेली आहे. शेवटी मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारा आणि पुढून तिरकं पाहा. धुळीचे चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू, म्हणजे बुरशी दिसली तर लेन्स परत द्या, फुकट दिली तरी.

आठवी पायरी: फाइली

सिस्टीम म्हणजे बॉडी आणि लेन्स एवढंच, असं बहुतेक जण धरतात. माझ्या घरी वीस वर्षांपूर्वी जपून ठेवलेल्या फोटोंच्या सीडी आहेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त आज वाचल्या जात नाहीत. त्यात माझ्या आजीचे शेवटचे फोटो होते. म्हणून ही पायरी कॅमेरा घेतल्या दिवसापासूनच पाळा.

रॉ आणि जेपेग दोन्ही काढायची सवय लावा. रॉ फाइल म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, आणि प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असते. अडोबीने २००४ मध्ये डीएनजी ही खुली पद्धत आणली; पेंटॅक्स आणि लायका कॅमेऱ्यातूनच ती देतात, इतरांच्या फाइली संगणकावर तिच्यात बदलता येतात. जेपेग ही तयार फोटोची फाइल, १९९२ पासूनची आणि सगळीकडे उघडणारी. नवीन बॉडीची रॉ फाइल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही, हा धक्काही अनेकांना बसतो, तेव्हा आपलं सॉफ्टवेअर तुमच्या मॉडेलला ओळखतं का ते खरेदीआधीच तपासा. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन चांगली सॉफ्टवेअर मोफत आहेत; दरमहा भाडं न भरताही पूर्ण काम होतं. फोटोवर केलेले बदल सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या यादीत साठतात, ते सॉफ्टवेअर गेलं की बदलही गेले. म्हणून आवडलेला प्रत्येक फोटो पूर्ण आकारात वेगळा काढून ठेवा.

प्रती तीन: एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि एक घराबाहेर, मग ती क्लाउडवर असो नाहीतर बहिणीच्या घरी ठेवलेली डिस्क असो. फोल्डरला वर्ष-महिना-दिवस आणि गावाचं नाव द्या. दर पाच-सहा वर्षांनी सगळं नव्या डिस्कवर हलवा.

नववी पायरी: पावसाळा

मामांनी मला एक जुनी ५० मिलिमीटरची लेन्स दिली होती, सुंदर चामडी केसमध्ये. मी ती तशीच केससकट कपाटात ठेवली. दोन पावसाळ्यांनंतर काढली तेव्हा पुढच्या काचेमागे पांढरं जाळं पसरलं होतं. तज्ज्ञ माणसाने साफ केली, पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला होता. प्रकाशाकडे धरली की आजही ती जागा दिसते. कोकणात आणि मुंबईत तंत्रज्ञानाने जेवढ्या लेन्स जुन्या केल्या नसतील तेवढ्या बुरशीने मारल्या आहेत. दहा वर्षं टिकणारी सिस्टीम हवी असेल तर महागड्या बॉडीआधी हवाबंद डबा घ्या.

भांड्यांच्या दुकानातला रबरी कडेचा मोठा प्लॅस्टिकचा डबा चालतो. आत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर आणि सिलिका जेलच्या पुड्या. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. केशरी सिलिका ओलावा पिऊन हिरवी झाली की जुन्या, स्वयंपाकात न लागणाऱ्या कढईत मंद आचेवर खिडकी उघडी ठेवून पुन्हा केशरी होईपर्यंत तापवा. निळी-गुलाबी होणारी घेऊ नका, तिच्यात कोबाल्ट असतं. सामान वाढलं की विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या.

चामड्याची केस ओलावा धरून ठेवते, ती डब्याबाहेर. कपाटात डांबरगोळ्या किंवा कापूर असेल तिथे कॅमेरा ठेवू नका. एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून पावसाळी हवेत काढताना कॅमेरा अर्धा तास बॅगेतच बंद राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं. समुद्रावरून आल्यावर बाहेरून किंचित ओलसर, मग कोरड्या कापडाने पुसा. मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं. आणि वापरत राहा. बुरशीला अंधार, दमट हवा आणि न हललेली जागा आवडते, तेव्हा पाऊस उघडला की आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा उजेडात काढून चार फोटो घ्या.

माझं वेळापत्रक नक्षत्रांवर आहे: मृगाच्या आधी सगळी सिलिका तापवायची, नागपंचमीला पुन्हा, आणि हस्ताचा पाऊस संपेपर्यंत दर आठवड्याला मीटर पाहायचं. त्याच सुमारास खंडेनवमीला कॅमेराही पूजेला येतो. तेव्हा हळदीकुंकू बॅगेला लावा किंवा टोपणाला, लेन्स बॉडीवर बसवलेलीच असू द्या आणि अक्षता दुरून टाका. कुंकवाची पूड फार बारीक असते. ती माउंटमधून सेन्सरवर गेली, तर दिवाळीच्या प्रत्येक फोटोच्या आकाशात तिचा डाग दिसतो.